पोशाखाची मोजपट्टी एकच हवी

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षांपासून डेनिमचे कापड तयार होते. रेमंड समूहाच्या या कारखान्यातील कापड देशोदेशींच्या बाजारात जाते आणि त्याच्या जीन्स शिवल्या जातात. ज्या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, त्याच जिल्ह्यात जीन्सचे कापडही विणले जावे, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र ८ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले आणि याच कापडाची विजार घालून सरकारी कचेरीत येण्यास अधिकारी-कर्मचाऱ्यांना मनाई झाली. यवतमाळात विणलेले कापड यवतमाळच्या तहसील कचेरीत निषिद्ध ठरले!

या परिपत्रकातील तपशील आजही नीट वाचण्यासारखा आहे. स्त्रियांनी साडी, सलवार अथवा चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझर व त्यावर कुर्ता वा शर्ट आणि आवश्यक असल्यास दुपट्टा, असा पेहराव करावा. पुरुषांनी शर्ट आणि पँट घालावी. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत. जीन्स आणि टी-शर्ट नकोत, स्लिपर नकोत. शुक्रवारी खादी वापरावी. कंत्राटी कर्मचारीही या नियमात आले. पुढे २०२१ मध्ये जीन्सवरील बंदी शासनाने मागे घेतली. टी-शर्टवरील बंदी तशीच राहिली.

परिपत्रक निघाले तेव्हा नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एका बाजूने व्यक्तिस्वातंत्र्याचा घोष झाला. कोणी काय घालावे हे सांगणारे शासन कोण, असा सवाल आला. दुसऱ्या बाजूने संस्कृतीरक्षणाची हाक आली. पाश्चात्त्य वेशाला आळा बसलाच पाहिजे, असे म्हटले गेले. या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. कामाच्या ठिकाणचा पोशाख नेमका कोणासाठी असतो? पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी, की काम करणाऱ्याच्या देहासाठी? आणि हा प्रश्न स्त्रीला व पुरुषाला एकाच पद्धतीने विचारला जातो काय?

शिस्तीला विरोध नाही

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामाच्या ठिकाणी वेशाचा काही नियम असावा, यात गैर काहीच नाही. गणवेश माणसामाणसांतील भेद पुसतो. शाळेत श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल एका रांगेत बसते, ते गणवेशामुळे. खाकीतील वाहक दिसला की प्रवाशाला तिकीट कोणाकडे मागायचे ते कळते, पांढऱ्या वेशातील परिचारिका दिसली की रुग्णाला धीर येतो. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी झरी-जामणीहून किंवा उमरखेडहून आलेल्या शेतकऱ्यासमोर कर्मचाऱ्याने नीटनेटके बसावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तो शेतकरी स्वतः धुतलेले धोतर किंवा ठेवणीतला सदरा घालून आलेला असतो. त्याने कचेरीचा मान राखला, कचेरीने त्याचा राखला पाहिजे.

तथापि शिस्त म्हणजे साचलेपण नव्हे. ज्या वाचकांनी आयुष्याची अनेक वर्षे संघस्थानावर घालविली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९२५ पासून ओळख बनलेली खाकी अर्धी विजार २०१६ च्या विजयादशमीपासून गणवेशातून गेली आणि तिच्या जागी तपकिरी पूर्ण विजार आली. त्यापूर्वीही टोपी बदलली, सदरा बदलला, बूट बदलले, चामड्याचा पट्टा बदलला. प्रत्येक वेळी कोणाला तरी हळहळ वाटली असेल. परंतु बदलामुळे शिस्त ढासळली नाही. उलट, काळ आणि सोय यांचा विचार करून बदलता येतो तोच गणवेश टिकतो, हे त्यातून दिसून आले. जे एका संघटनेला स्वतःच्या बाबतीत उमगते, ते कचेरी, शाळा, रुग्णालय आणि कारखाना यांनाही उमगायला हरकत नसावी.

कामातून जन्मलेला वेश

जीन्सचेच उदाहरण घ्यावे. आज ती चैनीचे आणि तारुण्याचे प्रतीक मानली जाते. परंतु तिचा जन्म श्रमातून झाला. खाणीत आणि रानात राबणाऱ्या मजुरांच्या विजारी खिशांपाशी वारंवार फाटत, म्हणून तेथे तांब्याच्या खिळ्या ठोकण्याची युक्ती अमेरिकेतील जेकब डेव्हिस या शिंप्याने शोधली आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह २० मे १८७३ रोजी तिचे पेटंट घेतले. म्हणजे जी विजार आज कचेरीला अशोभनीय वाटते, ती मुळात कामाचाच पोशाख होती.

आपल्याकडेही वेश कामातून घडत गेला. नऊवारी साडीचा काष्टा हा केवळ शोभेचा प्रकार नव्हे. पाय मोकळे राहावेत, चिखलात वाकता यावे, डोक्यावर भार घेऊन उतार उतरता यावा, यासाठी ती रचना आहे. महाराष्ट्रातील स्त्री काष्टा घालून शेतात राबली, आणि देवळात गेली तीही त्याच वेशात. त्यामुळे पायांचे मोकळेपण म्हणजे मर्यादाभंग, असे आपल्या परंपरेने कधी मानले नाही. ही समजूत फार अलीकडची आहे आणि तिला संस्कृतीचे नाव देण्यापूर्वी थोडा विचार केलेला बरा.

या जिल्ह्यातील आजचे दृश्य याहून बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, मारेगाव या भागांतून जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस वेचणाऱ्या बाया दिसतात. त्यांच्या अंगावर साडी असते आणि साडीवर पुरुषाचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, कमरेला कापसाची झोळी. उमललेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात, पऱ्हाटीच्या काड्या हाताला ओरबाडतात, उन्हाने कातडी भाजते. म्हणून घरधन्याचा किंवा मुलाचा टाकून दिलेला शर्ट त्या वापरतात. हा वेश कोणत्याही परिपत्रकाने ठरवून दिलेला नाही, त्याला कोणी शिष्ट वा अशिष्ट म्हणत नाही. कामाने तो सांगितला आणि स्त्रीने आपल्या बुद्धीने तो घडविला. मात्र त्यातील एक बोच विसरता येत नाही. कामासाठी आवश्यक असलेला कपडा तिला दुसऱ्याच्या जुन्यातूनच मिळवावा लागतो. तिच्या मापाचा, तिच्या कामासाठी शिवलेला कपडा कोणी तिला दिलेला नाही.

दुहेरी मोजपट्टी

वेशाचे नियम स्त्री आणि पुरुष यांना एकाच पट्टीने मोजत नाहीत, हे कोणताही नियम वाचला तरी जाणवते. पुरुषाचा नियम सहसा एका ओळीत संपतो. शर्ट, पँट, बूट. स्त्रीच्या नियमात मात्र प्रकार येतात, अपवाद येतात, दुपट्टा येतो आणि दुपट्ट्याच्या मागोमाग 'आवश्यक असल्यास' हे दोन शब्द येतात. आवश्यक म्हणजे कधी? ते ठरविणार कोण? नियमातील संदिग्ध जागा नेहमी वरिष्ठाच्या नजरेने भरली जाते. पुरुष कर्मचाऱ्याची चूक ही फार तर अजागळपणा ठरते. स्त्रीची चूक मात्र थेट चारित्र्याला जाऊन भिडते. त्याला 'नीट राहा' असे सांगितले जाते, तिच्याविषयी आपसांत कुजबुज होते. एकाच घरात दोन न्याय असू नयेत, असे आपण म्हणतो. मग एकाच कचेरीत ते का असावेत?

१५ मार्च २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या. पुरुष शिक्षकांनी फिक्या रंगाचा शर्ट आणि गडद रंगाची पँट घालावी, शर्ट आत खोचलेला असावा. शिक्षिकांनी साडी अथवा सलवार वा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा वापरावा. जीन्स व टी-शर्ट दोघांनाही नको. शिक्षकांच्या नावामागे मराठीत 'टी' लावण्याची कल्पनाही याच निर्णयात होती. पहिले परिपत्रक महाविकास आघाडीच्या राजवटीतील, दुसरा निर्णय महायुतीच्या राजवटीतील. तेव्हा हा पक्षाचा प्रश्न नाही. परंतु एक फरक नजरेतून सुटू नये. २०२० च्या यादीत स्त्रीला ट्राउझर व शर्ट हा पर्याय होता, २०२४ च्या यादीत तो दिसत नाही. चार वर्षांत शिक्षिकेच्या कामात असे काय बदलले, की हा पर्याय नको झाला?

शिक्षिकेचे काम म्हणजे केवळ फळ्यापुढे उभे राहणे नव्हे. जिल्ह्याच्या दुर्गम टोकाला असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी शिक्षिका पावसाळ्यात दुचाकीवरून खड्ड्यांतून, नाल्यांवरून मार्ग काढते. मैदानावर मुलांना कवायत शिकविते, मुलींबरोबर लंगडी खेळते. निवडणुकीच्या वेळी मतदानयंत्राची पेटी घेऊन ट्रकमधून उतरते. यातील अनेक कामे ती साडीत उत्तम करते, यात शंका नाही. साडी नेसणे हा तिचा आनंद असेल तर तो तिचाच आहे, त्याची कोणी थट्टा करू नये. परंतु सोयीचा दुसरा सभ्य पर्याय हवा असेल, तर तो नाकारण्यासाठी काही कारण द्यावे लागेल. 'बरे दिसत नाही' हे कारण नव्हे, ती केवळ पाहणाऱ्याची सवय आहे.

हा दुटप्पीपणा केवळ आपल्याकडे आहे, असे मात्र कोणी समजू नये. स्त्रीस्वातंत्र्याचे धडे ज्या देशांकडून घ्यावेत असे आपल्याला सांगितले जाते, तेथील चित्र पाहावे. पॅरिसमध्ये स्त्रीने पुरुषी विजार घालायची तर पोलिसांची परवानगी घ्यावी, असा १८०० सालचा आदेश होता. तो वापरात नसला तरी अधिकृतपणे रद्दबातल ठरायला २०१३ साल उजाडावे लागले. लंडनमध्ये २०१५ साली एका स्वागतिकेला उंच टाचांचे बूट घातले नाहीत म्हणून पगाराविना घरी धाडण्यात आले. दीड लाखांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, तेव्हा तेथील संसदेच्या समित्यांनी २०१७ मध्ये या विषयावर अहवाल दिला. आठ तास उभे राहणाऱ्या स्त्रीने टाचा उंच का कराव्यात, याचे उत्तर कामात नव्हते, पाहणाऱ्याच्या अपेक्षेत होते. आपल्याकडे दुपट्ट्याची सक्ती, तिकडे टाचांची सक्ती. एकाला अंग झाकायचे आहे, दुसऱ्याला ते खुलवायचे आहे. स्त्रीची सोय दोघांच्याही हिशेबात नाही.

कायद्याने दाखविलेल्या दोन वाटा

स्त्रीचा वेश आणि काम यांचा मेळ कसा घालावा, याची दोन उदाहरणे आपल्याच कायद्यांत सापडतात. ती शेजारी ठेवून पाहिली म्हणजे योग्य वाट कोणती ते कळते.

पहिले उदाहरण रोज रस्त्यावर दिसते. मोटारसायकलच्या मागच्या चाकाशेजारी जाळीसारखे जे संरक्षक कवच असते, त्याला लोक 'साडी गार्ड' म्हणतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले. येथे कायद्याने स्त्रीला साडी सोडायला सांगितले नाही आणि दुचाकीवर बसू नकोस असेही म्हटले नाही. त्याने यंत्र बदलायला लावले. बदलाचा भार वाहन बनविणाऱ्यावर टाकला.

दुसरे उदाहरण १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे. चालू यंत्राची तपासणी किंवा त्याला वंगण देण्याचे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, त्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, अशी त्यात तरतूद होती. स्त्रियांना मात्र चालू यंत्राच्या अशा कामापासून दूर ठेवले होते. कापसाच्या गाठी दाबण्याच्या कारखान्यात ज्या भागात कापूस मोकळा करणारे यंत्र चालते, तेथेही काही अपवाद वगळता स्त्रियांना काम देण्यास मनाई होती. जिनिंग-प्रेसिंगवर वाढलेल्या यवतमाळ, वणी, पांढरकवडा या बाजारपेठांशी या कलमाचा थेट संबंध होता. हेतू संरक्षणाचा होता, तो प्रामाणिकही असेल. परंतु उपाय पाहावा. पुरुषाला कपडे दिले, स्त्रीला मनाई दिली. सैल वस्त्र यंत्रात अडकते, हा धोका दोघांनाही होता. एकाच्या बाबतीत तो शिंप्याकडून दूर केला आणि दुसऱ्याच्या बाबतीत कामच काढून घेऊन.

हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. २०२० ची व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कक्षेतील सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर नेमले जाण्याचा हक्क स्त्रियांना आहे, असे ही संहिता सांगते. काम धोक्याचे असेल तर आधी सुरक्षेची पुरेशी तजवीज करावयास लावण्याचा अधिकार ती शासनाला देते. म्हणजे कायद्याने मनाईची वाट सोडून तजविजीची वाट धरली. साडी गार्डचा न्याय कारखान्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षे लागली.

जो पोशाख सक्तीचा हवा होता

परंतु यवतमाळ जिल्ह्यातील सर्वांत मोठे कामाचे ठिकाण कचेरी नाही, शाळा नाही आणि कारखानाही नाही. ते शेत आहे. पोशाखाच्या नियमाचे खरे मोल या शेतात, २०१७ च्या खरिपात कळले.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या रुग्णांच्या रांगा लागल्या. कपाशी पुरुषभर उंच वाढलेली, त्यामुळे फवारा वरून खाली न जाता तोंडाच्या पातळीवर उडत होता. वेगाने फवारणारे पंप, एकात एक मिसळलेली औषधे, घामाने भिजलेले अंग आणि त्या अंगावर साधा सुती शर्ट. अनेकांच्या तोंडावर रुमालाखेरीज काही नव्हते.

या कामाचा पोशाख कायद्याने ठरवून दिलेला नव्हता काय? होता. १९७१ च्या कीटकनाशक नियमावलीत तो स्पष्टपणे नोंदलेला आहे. औषध बनविणाऱ्यापासून ते शेतात फवारणाऱ्यापर्यंत, हाताळणाऱ्या प्रत्येकाला विष आत झिरपू न देणारे संरक्षक कपडे असावेत. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायांत बूट आणि श्वासासाठी योग्य साधन असावे. सरकारी बाबूने जीन्स घालावी की नाही, याचे परिपत्रक निघण्याच्या जवळपास पन्नास वर्षे आधी हा नियम झाला होता. एका नियमाने केवळ कचेरीची शोभा राखली जाणार होती, दुसऱ्याने प्राण वाचणार होते. पहिल्यावर वाहिन्यांनी चर्चा रंगविल्या. दुसरा नियम आहे, हे अनेकांना माणसे दगावल्यावरच कळले.

या दुर्घटनेत स्त्रीची बाजू फारशी मांडली गेली नाही. पंप पाठीवर घेणारा बहुधा पुरुष असतो, म्हणून नोंदीत तो दिसतो. परंतु विहिरीवरून पाणी आणून टाकीत ओतते कोण? अनेकदा औषध कालवायला हात कोणाचा असतो? फवारणी झालेल्या शेतात निंदणाला वाकते कोण? आणि संध्याकाळी विषाने भिजलेला तो शर्ट उघड्या हातांनी धुते कोण? उत्तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. नियमाच्या शब्दांत 'हाताळणारी व्यक्ती' येते, म्हणजे तीही येते. परंतु संरक्षक साहित्याची पेटी जेव्हा गावात येते, तेव्हा ती 'फवारणी करणाऱ्या'च्या नावाने येते. मोजे मोठे, अंगरखा मोठा, बूट मोठे. निंदण करणाऱ्या बाईच्या वाट्याला पुन्हा तोच घरातला जुना शर्ट. कदाचित आदल्या दिवशी फवारणीत वापरलेलाच.

कोणी म्हणेल, शेतमजूर दिलेले साहित्यही वापरत नाहीत. ते खरे आहे. भाद्रपदाच्या उकाड्यात जाड अंगरखा घालून पाठीवर पंप वाहणे म्हणजे जिवंतपणी भाजून निघणे. म्हणूनच जो घालता येत नाही, तो पोशाख दिला असे म्हणता येत नाही. विदर्भाच्या हवेला साजेसे, हलके, धुता येण्याजोगे आणि स्त्री-पुरुष दोघांच्या मापाचे संरक्षक वस्त्र हे खरे संशोधनाचे आणि स्वदेशी उद्योगाचे आव्हान आहे. ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो आणि कापड विणले जाते, तेथे हे घडू नये असे काय आहे?

कपडा कोणाच्या खर्चाने?

निष्पक्षतेचा आणखी एक कस आहे, तो पैशाचा. जो पोशाख ठरवितो त्याने खर्च उचलावा, हे सूत्र जुन्या कारखाने अधिनियमालाही मान्य होते. अंगणवाडी सेविकेला गणवेशाच्या साडीची तरतूद शासन करते, ते योग्यच आहे. मात्र खासगी शाळा, पतसंस्था, दुकाने, लहान रुग्णालये अनेकदा साडीचा रंग ठरवितात आणि ती विकत घेण्याचा भार तुटपुंज्या पगारावरील स्त्रीवर टाकतात. पुरुष सहकाऱ्याला घरातील कोणतीही पांढरी-काळी जोडी चालते. तिला मात्र ठरावीक काठाची साडी आणि त्यावर जुळणारे पोलके शिवून घ्यावे लागते. आठवड्याचा वार बदलला की रंग बदलतो. वरकरणी नियम सर्वांना सारखा, पण त्याची झळ एकीलाच अधिक.

दुसरीकडे, चांगले घडते आहे त्याचीही नोंद घेतली पाहिजे. २०१९ मध्ये आदिवासी युवतींना एसटीच्या चालक म्हणून प्रशिक्षण देण्याचा उपक्रम यवतमाळ जिल्ह्यात सुरू झाला. ज्या पाड्यांवरून मुलींना शाळेत पाठविणे हेच एकेकाळी धाडस होते, तेथील मुली अवजड वाहनाच्या चाकामागे बसायला निघाल्या. त्यांच्या वेशाचा विचार करताना बाई बसमध्ये कशी दिसेल, हा प्रश्न गौण ठरतो. तिचा पाय ब्रेकवर सहज जातो ना आणि कपडा गिअरमध्ये अडकत नाही ना, हा प्रश्न मुख्य ठरतो. कारण तिच्या पाठीमागे पन्नास प्रवाशांचे प्राण असतात. जेथे काम खरे असते, तेथे वेशाविषयीचे वाद आपोआप शहाणे होतात.

सुरुवात आपल्यापासून

या साऱ्याचे सार थोडक्यात सांगता येईल. वेशाचा नियम जरूर असावा, परंतु त्याचे कारण कामात सापडले पाहिजे. पाहणाऱ्याच्या मनात नव्हे. सभ्यतेची अपेक्षा स्त्री आणि पुरुष दोघांकडून सारख्याच शब्दांत करावी. तिच्यासाठी चार ओळी आणि त्याच्यासाठी एक, असे नको. नियम करणाऱ्याने खर्च उचलावा. आणि धोक्याच्या कामात संरक्षक पोशाख दोघांच्या मापाचा, दोघांच्या हाती पोहोचलेला असावा. हे मागणे परकीय विचारातून आलेले नाही. मातृशक्तीचा जयघोष करणाऱ्या समाजाने आपल्या शब्दाला जागावे, एवढीच अपेक्षा त्यात आहे. स्त्रीला देवीच्या आसनावर बसवून तिच्या दुपट्ट्याची मापे काढत राहणे हा तिचा सन्मान नव्हे.

राष्ट्र सेविका समितीची स्थापना १९३६ साली याच विदर्भात, शेजारच्या वर्ध्यात झाली. लक्ष्मीबाई केळकरांनी त्या काळातील गृहिणींना मैदानावर आणले, तेव्हाही 'बरे दिसेल काय' असे विचारणारे कमी नसतील. तो प्रश्न त्यांना अडवू शकला नाही. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या अनेक शाळा, पतसंस्था, रुग्णालये, वसतिगृहे या जिल्ह्यात आहेत. तेथे पोशाखाचे नियम कोणी केले, ते करताना तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना विचारले होते काय, हे त्या संस्थांच्या पुढील बैठकीत पाहता येईल. त्यासाठी मुंबईच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि त्याहून जवळची गोष्ट शेताची आहे. यवतमाळ, पुसद, दारव्हा, दिग्रस या शहरांत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या कितीतरी मध्यमवर्गीय कुटुंबांची गावाकडे शेती आहे. ती बटाईने किंवा मजुरीने केली जाते. बियाण्याचा, खताचा, औषधाचा हिशेब घरात बसून लिहिला जातो. त्या वहीत फवारणी करणाऱ्याच्या चष्म्याचा, हातमोज्यांचा, आणि निंदणाला येणाऱ्या बायांसाठी दोन नव्या, लांब बाह्यांच्या सदऱ्यांचा खर्च कधी लिहिला गेला आहे काय? औषधाच्या एका बाटलीच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे.

पहिल्या वेचणीच्या आधी विदर्भातील शेतकरी कापसाच्या शेतात सीतादही करतो. पांढऱ्या सोन्याची पूजा होते, दहीभात शिंपडला जातो, आणि मग बाया वेचायला वाकतात. ज्या घरी हा सण भक्तिभावाने होतो, त्या घराने त्याच दिवशी वेचणाऱ्या हातांना मापाचा, धडका सदरा दिला, तर पूजा अधिक पूर्ण होईल. सीतेच्या नावाने दही शिंपडायचे आणि शेतातल्या सीतेला फाटक्या शर्टात राबवायचे, हे कोणत्याही वेशसंहितेत बसणारे नाही.